हिरवी पात

आलिदानं मातीत बोट खुपसलं आणि एक कंद उकरून वर काढला. वाटाण्याएवढा. तो तळहातावर घेऊन तिनं सुनेच्या नाकासमोर धरला.

"हे बघ. याला कंद म्हणायचं?"

मिरेल कॉफीचा ट्रे घेऊन नुकतीच बाहेर आली होती. तो खाली ठेवायलाही तिला सवड मिळाली नाही.

"यंदा थंडी कमी पडली ना, आई. म्हणून असेल."

"थंडीला कशाला नावं ठेवतेस? फुलं संपली रे संपली की गवताबरोबर पातही कापून मोकळी होतेस तू. अगं, त्या हिरव्या पातीवरच कंद पुढच्या वर्षासाठी पोसतो. रॉटरडॅमच्या गॅलरीत वाढलेल्यांना ते कुठून कळणार म्हणा!"

"चुकलं माझं," मिरेल म्हणाली आणि टेबलावर कप मांडू लागली.

एप्रिल सरत आला होता. एरवी या दिवसांत पाटाच्या काठानं निळा पट्टा असा भरून यायचा की रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून बघत उभे राहायचे. द्राक्षांच्या घोसासारखी दिसणारी ही फुलं, निळी द्राक्षंच म्हणायचे त्यांना, तशी गावात प्रत्येकाच्या दारात होती. पण तिच्या नवऱ्याची, डर्कची वेगळी, जवळजवळ काळीच. शेतातल्या हजारोंत तसं एकच फूल त्याला सापडलं होतं. त्या एका कंदाची पिल्लं वेगळी करत, जपत, त्यानं जन्मभर हा पट्टा वाढवला. पुढे शेत विकलं, डर्कही गेला. घर मुलाला देऊन आलिदा गावातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायला गेली. आता ती जात कुठं उरली असेल तर या पट्ट्यात, आणि पट्ट्यात आज गवतातून डोकं काढणारी तुरळक फुलं. नवरा दुसऱ्यांदा मरतोय असं तिला वाटत होतं, आणि या बाईला कपबशा सुचत होत्या.

रूलोफ शेडमधून हात पुसत आला.

"पुरे आता, आई. किती बोलशील तिला?"

"मग काय पाठ थोपटू?" आलिदा पट्ट्यातच टाकलेल्या खुर्चीवर बसली. "ते जाऊ दे. जूनमध्ये पात पिवळी पडली की उरलेले कंद काढून दे मला. माझ्या गॅलरीत कुंड्यांमध्ये लावीन."

"काही उपयोग नाही." रूलोफनं कॉफीत साखर घातली. "ओळीनं तीन वर्षं पात हिरवी कापली की कंद स्वतःलाच खातो. नंतर हातात येतं ते नुसतं साल."

वाक्य डर्कचं होतं, शब्दन् शब्द. शेडमध्ये कामाला आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी हेच सांगायचा. आलिदानं ओठाशी नेलेला कप खाली ठेवला. तिनं मिरेलकडे पाहिलं. मिरेल पाटाकडे पाहत होती.

"इथलं गवत कोण कापतं?"

"मी," रूलोफ म्हणाला. "हिनं त्या मशीनला कधी हातसुद्धा लावलेला नाही."

"आणि तू मुकाट ऐकून घेतलंस?"

"माझ्यावर तुम्ही चार दिवस चिडला असता, आई," मिरेल म्हणाली. "त्याच्यावर..."

आलिदाला सुनेसमोर स्वतःची लाज वाटली. पण संताप त्याहून मोठा होता.

"बापाचा जीव होता रे त्यात!"

"तेच ना. माझ्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात गेल्या. पोरं समुद्रावर जायची आणि मी शेडमध्ये मोहरीएवढी पिल्लं निवडत बसायचो. एकदा तरी बरं केलंस म्हणाले बाबा?"

"मग तेव्हा त्यांना सांगायचं होतंस. मेलेल्या माणसावर कसला सूड उगवतोस?"

"त्यांच्यावर कशाला?" रूलोफचा आवाज चढला नाही. "ते कधी मला उठवायला आले? जिन्याखालून हाक तू मारायचीस. अंगात ताप असला तरी मारायचीस."

मारायची. पोरगा शेडमध्ये गेला नाही तर डर्क जेवताना एक शब्द बोलत नसे, आणि तो अबोला कधीकधी आठवडाभर घरात मुक्काम ठोकून बसे. तिला त्या अबोल्याची फार भीती वाटायची. म्हणून ती पोराला पुढे करायची. पोरं विसरतात, असं ती धरून चालली होती. पण आता तोंडातून निघालं ते भलतंच.

"जा, मशीन आण. उरलंय तेवढं माझ्या डोळ्यांदेखत काप."

तो नाही म्हणेल, निदान मान खाली घालेल, याची तिला खात्री होती. तिच्याच पोटचा पोर.

"रूलोफ, नको," मिरेल म्हणाली.

त्यानं कॉफी संपवली, कप बशीत ठेवला आणि शेडकडे गेला. थोड्या वेळानं मशीनची घरघर ऐकू आली. पट्ट्याच्या पलीकडच्या टोकापासून त्यानं सुरुवात केली. घाई नाही, काही नाही. एरवी शनिवारी कापतो तसाच तो कापत येत होता. मिरेल ट्रे उचलून आत निघून गेली.

खुर्चीपाशी येऊन तो थांबला. मशीन चालूच होतं. आलिदानं मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. मग घरात कुणी केर काढत आलं की घेतात तसे तिनं दोन्ही पाय वर उचलून घेतले.