गुडघाभर मका

आकड्याच्या टोकाला अडकून बी बाहेर आली, थोडा गर चिकटलेली. मागे चेरी जवळजवळ अख्खीच राहिली. केसांचा साधा आकडा, आईचाच. पण हात बसला की फळाला कळतसुद्धा नाही आपल्यातून काय गेलं ते... एटीने बी वाटीत टाकली. तिचा भाऊ बेर्कू असता तर बी वाटीत पडलीच नसती; गालात धरून, मान मागे टाकून त्याने ती शेजारच्या गोदामाच्या पत्र्यावर थुंकली असती, आणि टण् ऐकू येईपर्यंत बोट वर धरून उभा राहिला असता.

उद्या नातवाची सुंता, तेव्हाच नाव. प्रत्येक पाहुण्याला चमचाभर मुरांबा आणि वर गार पाण्याचा पेला. त्याशिवाय इथे याश शहरात कुणी पाहुण्याला उठू देत नाही. चुलीवरचं पहिलं पातेलं होत आलं होतं. नावाचंच अडलं होतं.

"ठरलं का?" पेसामावशीने दारातूनच विचारलं. आईची ही धाकटी बहीण कधी आत येऊन बोलत नसे. "की उद्या त्याला नुसतं 'अहो महाशय' म्हणायचं?"

"मिरेलाला बेर्कू हवंय."

"लेकीचं कळलं. तुझं काय?"

"आणि तो आला तर, मावशी?"

"आला तर आधी मी त्याचा कान पिळेन. तीस वर्षांत एक पत्र नाही मेल्याचं!" मावशी हसली, आणि मग हातातल्या पिशवीचे बंद उगाचच सारखे करत राहिली.

जिवंत माणसाचं नाव बाळाला द्यायचं नाही, हा ज्यूंचा रिवाज. म्हणून चुलत्याकडे मुलगा झाला तेव्हा आई तिथे भांडून बेर्कूचं नाव परत घेऊन आली होती. त्याच्यासाठी तिने स्मरणाची मेणबत्तीही कधी लावली नाही. गेल्या हिवाळ्यात आई गेली, आणि हो म्हणायचं की नाही, ते एटीवर येऊन पडलं.

तीस वर्षांपूर्वी, युद्धातल्या त्या रविवारी पोलीस होते, शिपाई होते, आणि रोज टोपी काढून नमस्कार करणारे दोन शेजारी. अंगणातून ज्यू पुरुषांना हात वर करायला लावून नेलं. बेर्कू सोळाचा, पण उंच, म्हणून पुरुषांत. मग मालगाडीचे बाहेरून बंद केलेले डबे, जूनअखेरचं ऊन, आणि पाणी नाही... त्या डब्यांतून बहुतेक मृतदेहच उतरवले. पण कुणीतरी आईला सांगितलं की वाटेत दार उघडलं तेव्हा एका उंच पोराने उडी मारली आणि तो मक्यात नाहीसा झाला. त्या मक्यावर आई जगली. आणि एटी? तिने त्याला मनातल्या मनात वाढवलं—आधी मिशी दिली, मग चष्मा, अलीकडे थोडं टक्कल, कुठल्याशा लांबच्या बंदरात एक दुकान. जूनअखेरीस मका गुडघाभरच असतो, हे तिला कधीपासून ठाऊक होतं. दर वर्षी गाडीच्या खिडकीतून ती तो बघत होती. आईनेही बघितला असणारच—त्यात ससा लपेल, सोळा वर्षांचा उंच मुलगा नाही.

आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. "अरे... अरे तू... अरे," मिरेला त्याला समजावत होती. हाक मारायला काही नव्हतंच तिच्याजवळ. तीस वर्षं या अंगणात बेर्कू म्हणून कुणी ओरडलं नव्हतं, कुणाला जेवायला बोलावलं नव्हतं, पत्र्यावरून खाली उतर म्हटलं नव्हतं...

"आई, तू काही म्हणालीस का?" मिरेलाने आतून विचारलं.

एटीने पाकाचा एक थेंब पेल्यातल्या गार पाण्यात सोडला. मघाचा थेंब लाल धूर होऊन विरला होता. हा तसाच, गोल, तळाशी जाऊन बसला. पातेलं आता उतरवायला हवं होतं. पण ती पेला उजेडात धरून उभी राहिली. चष्मा गेला, टक्कल गेलं, दुकान गेलं. कितीतरी वर्षांनी तो सोळाचा दिसत होता, बोट वर धरलेला, आवाजाची वाट बघत. आणि तिच्या गालात नाव होतं—बीसारखं, टणक, अजून थोडा गर चिकटलेलं—आणि मान आपोआप मागे जात होती.