तासभराची सूट

चष्मेवाल्याच्या बायकोने बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एकदाही ऐकलं नव्हतं. छत्री नको म्हटलं की ती हातात छत्री कोंबायची, वाढू नकोस म्हटलं की हमखास एक डाव जास्त पडायचा. चारचौघांत तो याची रडगाणी गायचा, आणि दुसऱ्या कोणी तिला नावं ठेवली की त्यालाच राग यायचा. पण त्या गुरुवारी जमिनीखाली, ओल्या दगडावर, मेहुण्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला हा माणूस मनात एकच गोष्ट मागत होता. आजही तिने आपलं ऐकू नये.

दर गुरुवारी कामं आटोपली की गुहा मंडळाची माणसं एका जीपमध्ये दाटीवाटीने बसून टेकडीवर जायची. दिवसभर दुकानात भिंगं घासणारा हा, लिफ्ट दुरुस्त करणारा त्याचा मेहुणा गुंड्या, लाँड्रीवाला कप्तान, एक नर्स, असेच आणखी दोघंतिघं. पाचला आत शिरायचं, साडेसहाला बाहेर यायचं आणि सातच्या आत चष्मेवाल्याच्या घरी फोन करायचा. फोन राखायचं काम त्याच्या बायकोचं. सातपर्यंत फोन आला नाही तर तिने बचाव पथकाला कळवायचं. गुहेत मोबाइल नुसता खिशाला ओझं, त्यामुळे सगळी भिस्त त्या एका बाईवर.

दोन महिन्यांपूर्वी सात वाजून एक मिनिटाने तिने पथकाला कळवलं होतं. दोर, स्ट्रेचर, दिवे घेऊन वीस माणसं धापा टाकत टेकडी चढून आली, तर मंडळ गुहेच्या तोंडाशी बसून बिस्किटं खात होतं. फोन करायचं कोणाच्या लक्षातच नव्हतं. पथकाच्या प्रमुखाने सगळ्यांची बिनपाण्याने केली आणि कप्तानाला माफीचं पत्र लिहून द्यावं लागलं. चूक मंडळाची होती, पण हसं झालं बाईचं. गुंड्या तर पुढचे पंधरा दिवस जेवताना तिची नक्कल करायचा, "हॅलो, माझा नवरा एक मिनिट उशिरा येतोय हो." अशाच एका जेवणात चष्मेवाल्याने ताट बाजूला सारून बायकोला बजावलं की यापुढे सात म्हणजे आठ समज, तासभराची सूट दे, मला लोकांत तोंड दाखवायचं असतं. गुंड्यानेही री ओढली. ती आधी नाहीच म्हणाली. मग दोघांनी मिळून तिच्याकडून शब्द घेतला.

गुंड्या तिचा सख्खा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. बहिणीच्या लग्नात तो आंदणातच आला असं चष्मेवाला गमतीने म्हणायचा. पहिलं वर्ष त्या पोराने नव्या नवरानवरीच्या मधोमध झोपून काढलं, आणि गोल गरगरीत म्हणून त्याला गुंड्या हे नाव चष्मेवाल्यानेच दिलं. स्वतःचं मूल झालं नाही. पुढे कोणी त्याबद्दल विचारलं की ती गुंड्याकडे बोट दाखवायची.

त्या गुरुवारी कप्तानाला ताप होता, नर्सची पाळी बदलली होती आणि बाकीच्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. चौघांपेक्षा कमी असतील तर जायचं नाही, हा मंडळाचा नियम. पण गुंड्या म्हणाला की नुसतं दुसऱ्या दालनापर्यंत जाऊन येऊ, आणि चष्मेवाला हो म्हणाला. दुसऱ्या दालनात उतरायला तीन पुरुष उंचीचा कडा आहे. तिथे तारेची शिडी लावतात आणि एक जण वर थांबून चढणाऱ्याच्या कमरेचा दोर धरतो. हे दोघंच, वर थांबणार कोण? दोघंही उतरले. परतताना गुंड्या पुढे चढला, आणि अर्ध्यावर असताना वरच्या दगडाला बांधलेला पट्टा निसटला. शिडीसकट तो पाठीवर खाली आला. तो पट्टा चष्मेवाल्याने बांधला होता.

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. गुंड्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तो पडला होता तिथून बर्फासारखं गार पाणी वाहत होतं. चष्मेवाल्याने त्याला ओढत एका सपाट दगडावर आणलं, तेव्हा तो जिवाच्या आकांताने ओरडला. मग याने कडा चढायचा प्रयत्न केला. भिंत गुळगुळीत, वर पुढे झुकलेली. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा गुडघा फुटला आणि त्याने नाद सोडला.

गुंड्या हुडहुडत होता. चष्मेवाल्याने अंगावरचा डगला उघडून आतला स्वेटर काढला आणि कसाबसा त्याच्या अंगात चढवला. हिरवा, बायकोने विणलेला, एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं आखूड. त्या बाहीवरून घरात दरवर्षी थंडीत एकदा भांडण व्हायचं.

"भाऊजी, ताई सातला फोन करेल ना?"

"करेल रे. तिने कधी माझं ऐकलंय?"

गुंड्या हसला, आणि हसताना कळ आली म्हणून थांबला. सातला तिने कळवलं तर पथक आठपर्यंत इथे पोचणार, हा हिशोब दोघांनाही तोंडपाठ होता. आठला कळवलं तर नऊ. चष्मेवाला त्याचे तळवे चोळत राहिला, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे गुंड्याचेच जुने किस्से त्याच्याकडून पुन्हा पुन्हा काढून घेत राहिला, आणि आतून बायकोला हाका मारत राहिला. अगं, आजवर इतकं मोडलंस, एवढं एक मोड. कर फोन. सात वाजून एक मिनिटाने कर, माझी काय अब्रू जायची ती जाऊ दे.

आठ वाजले. वरून एक आवाज नाही, एक दिवा नाही, फक्त पाणी. आठ वाजून दहा मिनिटं झाली.

"आज नेमकं ऐकलं वाटतं तिने," गुंड्या म्हणाला. शब्द जड झाले होते. "तिला रागावू नका हं."

थोड्या वेळाने त्याची हुडहुड थांबली. मंडळात पहिल्याच दिवशी शिकवतात, माणूस कापतोय तोवर आशा आहे, कापायचा थांबला की घाबरा. चष्मेवाल्याने त्याला डगल्यात घेतलं, छातीशी धरलं, गालावर चापट्या मारल्या, शिव्या दिल्या, आणि शेवटी लहानपणी जोजवायचा तसं जोजवलं. आठ चाळीसला गुंड्याचा श्वास थांबला. पुढची वीस मिनिटं चष्मेवाला त्याचे तळवे चोळतच होता.

नऊला दिवे आले. पथकाच्या प्रमुखाने खाली उतरून नाडी पाहिली आणि हलक्या आवाजात वेळ विचारली. चष्मेवाल्याने सांगितली. प्रमुखाने ती वहीत लिहून घेतली.

त्यांना वर घ्यायला आणखी अर्धा तास गेला. गुहेच्या तोंडाशी बायको उभी होती, फोन अजून मुठीत घट्ट धरलेला. स्ट्रेचरवर तोंडापर्यंत ओढलेली घोंगडी तिने पाहिली. ती रडली नाही. सरळ नवऱ्यासमोर आली.

"सातपासून फोन हातात होता," ती म्हणाली. "तीनदा नंबर लावला आणि तीनदा ठेवला. म्हटलं, शब्द दिलाय, पुन्हा हसतील. आठ वाजले आणि त्याच मिनिटाला केला."

चष्मेवाला वाकून घोंगडीची कड सारखी करू लागला.

"मला खरं सांगा. किती वाजता गेला?"

त्याने प्रमुखाकडे पाहिलं. प्रमुखाने हातातली वही मिटली आणि मान दुसरीकडे वळवली.

"पडल्या पडल्या," चष्मेवाला म्हणाला. "सहा वाजून दहा मिनिटांनी. डोक्यावरच आपटला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. तू सातला फोन केला असतास तरी काही उपयोग नव्हता."

खोटं बोलताना तो एरवी अडखळायचा, आज अडखळला नाही. तिने एक लांब श्वास सोडला. तिचे खांदे जरा सैल झाले, आणि तेवढ्यापुरतं त्याला वाटलं, निदान हिला वाचवलं.

माणसांनी स्ट्रेचर उचललं. चढावर ते तिरकं झालं आणि घोंगडीखालून गुंड्याचा हात बाहेर लोंबला. ती लगबगीने पुढे झाली, हात आत सारायला तिने तो उचलला, आणि तशीच थांबली. हिरवी बाही मनगटाच्या चार बोटं वर संपत होती. तिने ती हलकेच खाली ओढून पाहिली, दर थंडीत नवऱ्याची ओढायची तशी. मग तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. डगल्याखाली त्याच्या अंगात नुसता भिजलेला शर्ट होता आणि तो हुडहुडत होता.

"अहो," ती म्हणाली, "गेलेल्या माणसाला थंडी वाजते का?"