एकवीस दाणे

कुसाबाईने राखेतली पुरचुंडी सोडली, एकवीस दाणे तळहातावर मोजून घेतले आणि गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात गुंडाळले. बी कांद्याचं, घरचं. नवरा पुंजा गेला त्या साली त्यानेच धरलेलं. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि कांद्याचं बी वर्षभरच जगतं हे येवल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाईचा जीव अडकला होता. हे गेलं की पुंजाच्या हातचं घरात काहीच उरणार नव्हतं.

नात सृष्टी वही घेऊन बसली होती. शाळेने सजीव आणि निर्जीव असे दोन रकाने भरायला दिले होते. कुत्रा, दगड, लिंब, ट्रॅक्टर, सगळं बसलं. बी कुठे लिहावं ते पोरीला कळेना. ते हलत नाही, वाढत नाही.

"थांब आठ दिस," कुसाबाई म्हणाली. "भिजल्यावर कळंल."

मुलगा हर्षल दारातूनच म्हणाला की त्यात आता काही राम नाही, दुकानातून बियाणं आणलंय. आणि ट्रॅक्टर काढून गेला. कुसाबाईला संताप आला. बाप गेला तेव्हाही हा रडला नव्हता. दहावा उरकला आणि सरळ नांगरटीला गेला. त्यानंतर बापाचं नावही कधी तोंडातून नाही. पोटचा गोळा, पण दगड निघाला, असं ती शेजारच्या रंगूबाईला उघड सांगायची.

रोज सकाळी ती गोणपाटावर पाणी शिंपडायची. उघडायचा मात्र धीर होईना.

आठव्या दिवशी तिने गुंडाळी सोडली. पाच दाण्यांना पांढरे मोड आले होते. मग सवयीने तिने सगळे दाणे मोजले. सव्वीस. पुन्हा मोजले, तरी सव्वीसच. मोड आलेल्या पाचांच्या टरफलांवर फिकट गुलाबी रंग होता, दुकानच्या बियाण्याला लावतात त्या औषधाचा. तिच्या एकवीस दाण्यांतला एकही फुटला नव्हता.

ओट्यावर हर्षल चपलेचा चिखल काडीने खरवडत बसला होता. चप्पल केव्हाच स्वच्छ झाली होती.

"उगवलं का?" त्याने मान वर न करता विचारलं.

कुसाबाई त्याच्याजवळ येऊन बसली.

"पाच उगवले."

"आबांचं बी हाय," तो म्हणाला. "उगवणारच."

सृष्टी वही घेऊन आली. आजी, मग कुठे लिहू?

"सजीवात लिही," कुसाबाई म्हणाली, आणि तिने ओला हात हर्षलच्या पाठीवर ठेवला.