अंजूरच्या राउटरची हळद

मी अंजूरच्या केसरीनाथशेठच्या घरातला जुना राउटर. मित्रांनो, माझा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे आणि अँटेना थोडा कलला आहे. पण जुना म्हणून मला हिणवायच्या आधी एवढं ऐका: गावातल्या घरांत सगळ्यात पहिला आलो तो मी. माझ्यामागून कितीतरी आले आणि भंगारात गेले. मी अजून शाबूत आहे, आणि तेसुद्धा पोट फाडून घेतल्यानंतर!

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. माझी शेकडो भावंडं एका पट्ट्यावरून पुढे सरकत होती एवढंच आठवतं. मग खोका, मग बोट, मग ट्रक. खोक्यातून पहिल्यांदा बाहेरचा आवाज ऐकला तो भिवंडीजवळच्या एका गोदामात. पुढे कळलं की ते गोदाम केसरीनाथशेठच्या शेतावर उभं होतं. जिथे त्यांच्या बापाने भात लावला, तिथे मी उतरलो. म्हणजे मी त्यांच्या घरात नंतर आलो, जमिनीवर आधी.

शेठ म्हणजे माणूस दिलदार, पण मिरवायची भारी हौस. गोदामाच्या भाडेकरूच्या ऑफिसात राउटर आहे, आणि जमिनीच्या मालकाकडे नाही, हे त्यांना कसं सहन होणार? त्यांनी टेलिफोनच्या ऑफिसात खेटे घातले. एक दिवस तिथला माणूस मला गोदामातून घेऊन आला, माझ्या पोटात कसले कसले आकडे भरले आणि मला चालू करून गेला. शेठनी मला दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये बसवलं. एका बाजूला गावच्या क्रिकेट टीमची ढाल, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची फुलं, मध्ये मी. पाहुणा आला की आधी माझं दर्शन, मग पाणी.

"याच्यातून आख्खी दुनया घरात येते," शेठ सांगायचे.

"मग तुजा जावई बी याच्यातूनच मागवून घे," एक म्हातारे काका म्हणाले होते. सगळे हसले. मीही दिवे लुकलुकवून हसलो. मला दुसरं येतं काय?

आता मी काही कोणाचं पत्र उघडून वाचत नाही. पण दारात बसणाऱ्याला कोण आलं, कोण गेलं, हे कळतंच. माझा हिशेब असा होता. शेठचा मुलगा प्रितेश मोटरसायकलींची चित्रं बघायचा. पुतण्या मनोज गाणी उतरवायचा, कारण गावातली लग्नं त्याच्या डीजेवर नाचायची. शेठ स्वतः माझा काहीच वापर करत नसत. ते फक्त लांबून दिवे बघायचे आणि सगळे पेटलेले दिसले की समाधानाने पान लावायचे.

खरं काम करायची ती एकटी भाविका, शेठची मुलगी. भिवंडीच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली. शोकेसच्या मागच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर होता. अमेरिकेतले डॉक्टर आपल्या पेशंटचं दुखणं बोलून ठेवतात, ते आवाज माझ्या वाटेने तिच्यापर्यंत यायचे. ती कानाला हेडफोन लावून ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करून परत पाठवायची. मुंबईच्या एका कंपनीने तिला हे काम घरी दिलं होतं. डॉक्टर घास तोंडात ठेवून बोलल्यासारखे बोलायचे. एक शब्द चुकला की औषध बदललं! म्हणून ती एकच वाक्य दहा वेळा ऐकायची.

घरात मात्र त्या कामाला काम कोण म्हणणार? ती हेडफोन लावून बसली की आई जानकीबाई सुक्या जवळ्याने भरलेलं सूप पुढे सरकवून म्हणायची, "बाय, गानी आयकून जाली आसतील तं कोलीम निवड." आणि पाहुण्यांनी विचारलं तर शेठ हात उडवायचे, "कायी न्हाय, टाइमपास हाय तिचा. लगीन होयेपर्यंत बसंल बोटां आपटत."

भाविका हेडफोन परत कानावर चढवायची. मी मात्र तापायचो. माझा सगळा दिमाख जिच्या जिवावर, तिलाच टाइमपास म्हणतात म्हणजे काय!

मग प्रितेशचं लग्न ठरलं. मित्रांनो, आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. सारं गाव जेवतं, सारं गाव नाचतं. शेठनी मनोजला बजावलं, "अंजूरपासून कोन गावापर्यंत कोनाच्या मांडवाला झाली नसंल येवढी लाईट मना पायजे. व्याही आले का डोलं दिपलं पायजेत."

"काका, तुमी निसतं बघा," मनोज म्हणाला.

हळदीच्या दिवशी सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भाविकाने सुट्टी मागितली होती, पण मिळाली नव्हती. पावसात टेलिफोनची लाइन तुटली म्हणून तिचं काम दोनदा उशिरा गेलं होतं, आणि कंपनीने कळवलं होतं की तिसऱ्यांदा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ. त्या दिवसाचं काम संध्याकाळी सातच्या आत पोचायला हवं होतं. दुपारपर्यंत उरकून मग हळदीला मोकळी, असा तिचा बेत होता.

तेवढ्यात मनोज आत आला. मांडवात एक बोर्ड कमी पडत होता. त्याने शोकेसमागचा लांब बोर्ड उचलला. हा साधा बोर्ड नव्हता. वीज जास्त आली तर तो स्वतः बंद पडून मला वाचवायचा. मनोजने माझी पिन काढली आणि सरळ भिंतीच्या सॉकेटात खुपसली. "एका दिवसाचा तं प्रश्न हाय," तो मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे. मग त्याने मांडवाचं सगळं ओझं घराच्या जुन्या मीटरवर टाकलं आणि खटका दाबला.

मांडव लखलखला. बाहेर शिट्ट्या वाजल्या. शेठ मिशीला हात लावतात न लावतात, तोच मीटरमधली न्यूट्रलची, म्हणजे विजेला लगाम घालणारी, जुनी तार तुटली. दिवाणखान्यातला पंखा भिंगरीसारखा फिरायला लागला. बल्ब पांढराफेक झाला आणि फुटला. दुपटीने वीज माझ्या अंगात घुसली. माझ्या ॲडॅप्टरने हाय खाल्ली, माझ्या पोटात काहीतरी टम्म फुगलं, जळका वास सुटला आणि माझे दिवे गेले.

भाविका धावत बाहेर आली. तिच्या कॉम्प्युटरला यूपीएसने वाचवलं होतं. तिने माझी पिन काढली, लावली, मला हलवलं. मग मला मांडीवर घेऊन ती तिथेच जमिनीवर बसली.

"रडतीस कनाला?" शेठ म्हणाले. "डबाच हाय तो. दुसरा आनू लग्नानंतर."

"बाबा, आज सातच्या आत काम गेलं नाही तर कंपनी मला काढणार आहे."

"मंग काढूंदे. तुला काय कमी हाय आपल्या घरात?"

भाविकाने मान वर केली. "तुम्हाला सगळे गोदामवाले शेठ म्हणून ओळखतात बाबा. दादाला तुमचा मुलगा म्हणून ओळखतात. त्या कंपनीत तुमचं नावपण कोणाला माहीत नाही. तिथे मला माझ्या कामावरून ओळखतात. तेवढी एकच जागा आहे माझी."

 जानकीबाई कोलीम निवडत होती, तिचे हात थांबले. ती म्हणाली, "आता बघत काय रायलाव? मांडवात लाईट कोनाला पायजे व्हती?"

हा टोला बरोबर बसला. शेठनी मला भाविकाच्या मांडीवरून उचललं, पिशवीत घातलं आणि मोटरसायकलला किक मारली. जाताना मनोजवर ओरडले, "वायरमनला बोलीव आनि पयली घरातली लाईट कर. मांडवाला जनरेटर आन भाड्याने."

भिवंडीत इक्बालचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझे दिवे गेले होते, पण डोळे-कान कुठे गेले होते? सगळं बघत-ऐकत होतो. शेठच्या कपाळाला, कानाला, मानेला पोरींनी सकाळीच हळद फासली होती. त्यांना बघून इक्बाल म्हणाला, "काय शेठ, लग्न तुमचं आहे का? मुबारक हो!"

"इक्बालभाय, मस्करी नंतर. ह्यो बघ. नसंल व्हत तं नवा दे, सगल्यात भारी असंल तो."

"नवा देतो की. पण चालू कोण करणार? टेलिफोनवाल्यांचे नंबर, पासवर्ड, सगळं ह्याच्या पोटात आहे. नव्यात ते त्यांचा माणूस येऊन भरणार, आणि आज शनिवार. सोमवारशिवाय कोण येत नाही."

"सोमवार न्हाय चालायचा."

"इतकी काय घाई शेठ? हळदीत नेट बघणार कोण?"

मित्रांनो, इथे मी कान टवकारले. शेठ नेहमीचा हात उडवणार आणि नेहमीचा शब्द बोलणार, अशी माझी खात्री होती. हात उचललाही होता. पण तो तसाच खाली आला.

"माज्या पोरीचा हापीस हाय त्यो," शेठ म्हणाले. "बंद परलाय. माज्यामुलं."

इक्बालने मग मस्करी केली नाही. त्याने माझे स्क्रू काढले. ॲडॅप्टर तर कोळसाच झाला होता, तो त्याने बाजूला टाकला. माझ्या आत एक कपॅसिटर बेडकासारखा फुगला होता. तो काढून त्याने दुसरा डागला, माझ्या मापाचा ॲडॅप्टर खणातून शोधून जोडला आणि खटका दाबला. एक दिवा लागला. मग दुसरा.

"जिंदा है," इक्बाल म्हणाला. "पण शेठ, परत सरळ भिंतीत घातलात तर माझ्याकडे आणू नका, सरळ कब्रस्तानात न्या."

आम्ही परतलो तेव्हा वायरमनने घरातली लाईट आणली होती. माझा बोर्डही माझ्या जागी परत आला होता. शेठनी मला शोकेसमध्ये ठेवलं नाही. भाविकाच्या टेबलावर ठेवलं. तिने वायर जोडल्या आणि माझे चारही दिवे लागले, तशी ती पहिल्यांदा हसली. डॉक्टरचे राहिलेले आवाज माझ्यातून झरझर उतरले. तिने हेडफोन लावला.

आणि बाहेर मनोजने डीजे सुरू केला.

भिंत हादरली, टेबल हादरलं, त्याच्यावर मी हादरलो. जोडीला जनरेटरची घरघर. भाविकाने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला. एक वाक्य मागे नेलं, परत ऐकलं, परत मागे नेलं. शेवटी डोळे मिटून बसली. मला बरं करून आणलं, त्याचा उपयोग काय? मी आवाज आणून देऊ शकतो, ऐकायला शांतता कुठून आणू?

शेठ दारातून हे बघत होते. ते वळले आणि मांडवात गेले.

"मनोज, डीजे बंद कर."

"काका, आताच तं पोरां नाचाला लागलीत!"

"बंद कर. जनरेटर बी."

"आवो, सगली लाईट जाईल! व्याही येऊन बसलेत!"

"मना दिसतान ते. बंद कर."

डीजे थांबला. जनरेटर थांबला. अंजूरपासून कोन गावापर्यंत कुठे नसलेली ती लाईट झपकन विझली. दिवस मावळायला आला होता, मांडवात माणसांचे नुसते आकार दिसत होते. कुजबुज सुरू झाली. व्याह्यांकडचा कोणीतरी मोठ्याने म्हणाला, "काय केसरीनाथशेठ, लाईट गेली वाटतं? बिल भरलं न्हाय का?"

खसखस पिकली. मित्रांनो, शेठना आयुष्यात याच एका गोष्टीची भीती होती, चार माणसांत हसं होण्याची. मी खिडकीतून बघत होतो. ते मांडवाच्या मधोमध उभे राहिले.

"गेली न्हाय, बंद केली," ते म्हणाले. "माजी पोरगी ड्युटीवर हाय. तिचा काम होवंदे, मंग नाचू. तवर कोनाला घाई आसंल तं त्यानी जेवून घ्यावा."

 मग हळदीची गाणी म्हणणारी राहीबाई धवलारीन कोपऱ्यातून खाकरली. "बरा जाला बाबा. त्या डीजेपुढं माजा गला कोन आयकतो? इकरं सरका गो बायांनो." आणि ती हळू आवाजात गायला लागली. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. गाणं एवढं हलकं होतं, की मिटलेल्या दारातून आत येईपर्यंत त्याचा नुसता श्वास उरायचा. व्याह्यांकडच्या म्हाताऱ्या बायका मागून सूर धरायला लागल्या. आत भाविकाची बोटं धावत होती.

सातला थोडा अवकाश असताना तिने शेवटची फाइल पाठवली. माझा दिवा फडफडला. एवढीशी फाइल, पण आयुष्यात मी दुसरं काही इतक्या जपून नेलं नाही. पलीकडून उत्तर आलं: मिळालं.

"गेला?" शेठनी दारातून विचारलं.

"गेलं बाबा."

ते आत आले. खुर्ची ओढून बसले आणि हेडफोनकडे बोट दाखवलं. "मना आयकव." भाविकाने तो त्यांच्या हळदीने माखलेल्या कानांवर चढवला आणि शेवटचा आवाज लावला. शेठना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी ते डोळे बारीक करून, एखाद्या मोठ्या माणसापुढे बसावं तसे, शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"काय जालता याला?"

"म्हाताऱ्याचा गुडघा बदलला, बाबा. आजपासून चालायला लागला."

"तू लिवलास म्हनून कललं ना त्यांना?"

"हो."

शेठ उठले. डोळे पुसताना हळद डोळ्यात गेली म्हणाले. म्हणू दे! बाहेर जाऊन त्यांनी आरोळी ठोकली, "मनोज! लाव रं! गुरघा बरा जाला म्हाताऱ्याचा!" कोणाचा गुडघा, कोण म्हातारा, मांडवात कोणाला कळलं नाही. पण त्या आरोळीवर नाचले सगळे. सगळ्यात पुढे भाविका.

मित्रांनो, तुम्हाला माझं सांगणं थोडंच आहे. वीज जाऊन परत आली, की आमच्या पिना लगेच लावू नका, तिला जरा स्थिर होऊ द्या. आमचा राखणदार बोर्ड सजावटीसाठी पळवू नका. बिघडलो तर फेकायच्या आधी एकदा उघडून बघा, आमचं दुखणं कित्येकदा नखाएवढं असतं. आणि घरात कोणी कानाला हेडफोन लावून बसलं असेल, तर कोलीम निवडायला हाक मारायच्या आधी नुसतं विचारा, "काम चाललंय का?" एवढं विचारलंत तरी त्या माणसाचं ऑफिस उघडं राहतं.

मी त्यानंतर शोकेसमध्ये परत गेलो नाही. पाहुणे आले की शेठ आता त्यांना सरळ मागच्या खोलीच्या दारापर्यंत आणतात, ओठावर बोट ठेवतात आणि दबक्या आवाजात सांगतात, "हलू बोला. आत माजी पोरगी काम करते." मी बाजूला लुकलुकत असतो. माझ्याकडे कोणी बघतही नाही, आणि मला त्याचाच अभिमान वाटतो.