मारुतीच्या कमरेला पाणी

बुधवार, दिनांक १६ सप्टेंबर २००९, सकाळी अकरा. नाशिक, एका दूरशिक्षण केंद्राचा संगणककक्ष.

आपत्ती-सज्जतेच्या ऑनलाइन वर्गासाठी मी संगणकात गोदाघाट उभारला होता: पायऱ्या, पूल, पुराची पातळी जिच्यावरून मोजतात ती दुतोंड्या मारुतीची मूर्ती आणि चढते पाणी. घरी बसलेल्या विद्यार्थ्यांनी पडद्यावरची आपापली बाहुली चालवावी आणि भोंगा वाजताच घाट रिकामा करावा, अशी योजना. परंतु नाशिककर भोंग्याला मानत नाही; पाणी मारुतीच्या कमरेला लागले का, एवढेच तो पाहतो. म्हणून मी पूर मुद्दाम पाठीमागच्या नाल्यातून आणला होता, म्हणजे मारुती कोरडा असतानाच घाट बुडेल.

माझ्या वर्गातल्या गोरक्षची आई भागुबाई खऱ्या घाटावर फुले विकते. पुराच्या वेळी तिला घाटावरून वेळीच कसे उठवावे हे शिकण्यासाठीच त्याने प्रवेश घेतला. सरावाला त्याने तिच्यासारखी बाहुली केली. हिरवे लुगडे, पुढ्यात झेंडूची पाटी. नऊ वेळा त्याने तिला उठवून पाहिले आणि नऊही वेळा ती बुडाली. आज दुपारी धरणातून पाणी सोडणार होते. तो धावत केंद्रातच आला.

दहाव्या वेळी पडद्यावर अक्षरे उमटली: "कमरेला लागू दे, मग उठते."

"सर, हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही. त्या बाहुलीला भाषा दिलेलीच नाही. तूच लिहिले असशील."

"माझे हात बघा ना, सर! आणि आई सकाळी हेच म्हणाली. अगदी हेच."

मी वाद घातला, जोडण्या तपासल्या. संगणकातल्या त्या घाटाला आम्हा दोघांखेरीज कोणी जोडलेले नव्हते. तेवढ्यात बाहुलीने मान वळवली आणि ती आमच्याकडे पाहू लागली.

"आईला घेऊन ये," मी म्हणालो.

भागुबाई कुरकुरतच आली. "गिऱ्हाईक सोडून आले. कसला शिनेमा दावतो रे?" मग तिने पडदा पाहिला. "आगं बया! माझंच लुगडं नेसून बसलीय की!"

"तूच उठव तिला. माझं नाही ऐकत."

"ए बाई, ऊठ! मागं बघ, पाणी आलं!"

पुन्हा तीच अक्षरे उमटली. गोरक्षने ती वाचून दाखवली. भागुबाई खुदकन हसली. पडद्यावर पाटीतला झेंडू तरंगू लागला, लुगडे भिजून काळे झाले, तेव्हा तिचे हसू थांबले. तिने आणखी एकदा हाक मारली. मारुतीचे गुडघे अजून कोरडेच होते.

भागुबाई खुर्चीत मागे टेकली.

"ही नाय ऐकायची," ती म्हणाली. "मरणार ही."