आतली झीज

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला, तसे आईने डोळे मिटून घेतले. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. शेजारी लेक बसली होती. अंगाने काडी, पायात पळायचे बूट. घरात आणि मैदानावर तिला सगळे खारूताई म्हणत. एकदा सुटली की कुणाच्या हाती लागायची नाही.

"बघा तरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढं भयंकर नाही."

"शिवणकाम करते हो मी. हा हात गेला की सगळंच गेलं. आणि नुसती ओट्यापाशी घसरले. तेवढ्याने हाड मोडतं का कुणाचं?"

"मोडतं. पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

आईने लेकीकडे पाहिलं, आवाज उतरवला. "झाली असतील तीन-चार."

"मग त्यातच आलं. हाड म्हणजे काही दगड नव्हे. आत सारखी डागडुजी चालू असते. जुनं पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं भरणाऱ्या वेगळ्या. बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन त्या पोखरणाऱ्यांना वेसण घालून ठेवतं. पाळी गेली की ते घटतं. मग पोखरणं जोरात, भरणं मागे. बाहेरून काही कळत नाही. कळतं ते असं, पडल्यावर."

मग दुसरा हातही जाईल का? पाठीचा कणा? गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील? ती विचारत सुटली आणि डॉक्टरीणबाई न कंटाळता सांगत राहिल्या. हाडांची घनता तपासू, औषध आहे, चालायचं, वजन उचलायचं, घाबरायचं नाही.

"पाळी वय झाल्यावरच जाते ना?" लेक मध्येच म्हणाली.

प्रश्न साधाच होता. पण विचारताना ती बुटाच्या टोकाकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"तुझी शेवटची कधी आली होती?"

"मागच्या वर्षी. परीक्षेच्या आधी."

"सराव वाढला ना, म्हणून," आई घाईने म्हणाली. "पळणाऱ्या मुलींचं होतं म्हणे असं. मीच म्हटलं हिला, सुटलीस बाई, कटकट गेली..." तिची नजर स्वतःच्या प्लास्टरवर गेली.

"जेवतेस किती?"

"वजन उतरलं की वेग वाढतो," लेक म्हणाली. "मैदानावरचे सर म्हणतात."

"आणि पोटाला पुरेसं मिळालं नाही की शरीर आधी पाळी आवरतं घेतं. म्हणजे इस्ट्रोजेनही गेलं. हाडाला तुझं वय कळत नाही गं."

त्या उठल्या, लेकीसमोर उकिडव्या बसल्या आणि तिच्या नडगीवरून अंगठा दाबत खाली आल्या. एका जागी थांबल्या. लेकीने खुर्चीची कड अशी आवळली, की बोटं पांढरी पडली.

"इथे बारीक चीर असावी. फोटो काढावा लागेल. पळणं आजपासून बंद."

"रविवारी स्पर्धेची निवड आहे." तिचा आवाज चिरका झाला होता. "त्यानंतर थांबते ना. फक्त रविवार."

"रविवारी तो पाय पुरता मोडू शकतो."

लेकीने आईकडे पाहिलं. आई आपल्या बाजूने बोलेल, अशी तिची आशा अजून सुटली नव्हती.

"माझी तपासणी राहू दे," आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "हिची आजच करा."

लेकीने तोंड फिरवलं. फोटोच्या खोलीकडे जायला जिना उतरावा लागे. ती आईसाठी थांबली नाही, पण फार पुढेही गेली नाही. कठडा धरून एकेक पायरी उतरत होती आणि उघड उघड लंगडत होती. इतकं लंगडताना आईने तिला कधीच पाहिलं नव्हतं. हात मोडल्यापासून रोज आईची वेणी घालताना, तिला आंघोळीला नेताना ती सरळच चालत होती.

"कधीपासून दुखतंय गं?"

लेकीने मागे वळून पाहिलं नाही.

"तू पडलीस त्याच्या आधीपासून."