फाटकाआतलं निळं हेल्मेट

इकडे, जरा वर बघा. लोखंडी कपाटावर, लसणाच्या टोपलीशेजारी पालथं पडलेलं निळं हेल्मेट म्हणजे मी. तुमच्याशी बोलतोय, कारण या घरात आता माझ्याशी कुणी बोलत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी हिरवा होतो. निळा रंग नंतर चढला, शांतिसेनेसाठी. दुरून दिसावा आणि लोकांना धीर यावा, म्हणून. अकोल्याच्या हवालदार जानरावांच्या डोक्यावर बसून मी समुद्रापलीकडच्या एका देशात गेलो. नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही म्हणाल, ते लोक तसलेच.

तिथे एका जमातीच्या घरांवर खुणा होत होत्या. रेडिओवर त्या माणसांना तण म्हणत. जानराव शेतकऱ्याच्या घरचे. तणाचं काय करतात, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी वर कळवलं. उत्तर आलं, लक्ष ठेवा. पुन्हा कळवलं. मोठ्या देशांची बैठक चालू आहे, म्हणे.

मग एका सकाळी बाया, म्हातारे, लेकरं आमच्या छावणीच्या फाटकाशी आली. माझा रंग बघूनच आली असणार. हुकूम होता, कुणाला आत घ्यायचं नाही. जानरावांनी मला डोक्यावरून काढलं, पाण्यानं भरलं आणि फाटकावरून बाहेर धरलं. आईच्या खांद्यावरच्या एका मुलीनं मला दोन्ही हातांनी पकडलं आणि ती घटाघटा प्यायली.

दुपारी त्या खुणा करणाऱ्यांचे ट्रक आले. संध्याकाळी फाटकाबाहेर नुसत्या चपला होत्या.

परतताना जानरावांनी 'हेल्मेट हरवलं' असं लिहून दिलं आणि मला ट्रंकेत दडवून घरी आणलं. का, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. मनकर्णाबाई बिचाऱ्या मला कौतुकानं सगळ्यांना दाखवायच्या. पाहुणे मला घालून फोटो काढायचे, सलामसुद्धा ठोकायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यंदा सव्वीस जानेवारीला शाळेनं सत्काराला बोलावलं. मला टेबलावर ठेवून हार घातला. मुख्याध्यापक म्हणाले, "आता पराक्रमाचा एखादा प्रसंग सांगा."

जानरावांनी फाटकाचा प्रसंग सांगितला. पाण्यापर्यंत आले आणि टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता हे इथेच थांबणार.

सातवीतली शाइस्ता उभी राहिली. "आजोबा, पानी देलं, मंग गेट काहून नाई उघडलं?"

"हुकूम नोता, बेटा."

"कुलूप होतं?"

"होतं."

"किल्ली कोनापाशी होती?"

मुख्याध्यापकांनी घाईघाईनं नारळ पुढे केला. जानरावांनी तो घेतला नाही.

"माह्या खिशात," ते म्हणाले. "मोठे देश बैठका करून राहिले होते, अन् किल्ली माह्या खिशात होती."

टाळ्या पडल्या नाहीत. त्यानंतर कुठलं बोलावणंही आलं नाही. मनकर्णाबाई मला खाली काढत नाहीत. जानराव तासन्‌तास ओट्यावर बसून असतात, मी इथे वर. एवढा एकटा मी ट्रंकेतही नव्हतो.

तुम्हाला एकच विनवणी. जगात कुठेही माणसांना तण म्हणू लागले, तर ते लांबचं आहे म्हणून सोडू नका. आपल्या सरकारला विचारा, बैठकीत बसलेल्यांना विचारा. शाइस्तानं विचारलं तेच, पण माणसं फाटकाशी उभी असतानाच विचारा. आम्हाला कुणी विचारलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आणि एक गोष्ट जानरावांनी शाळेत सांगितली नाही. पाणी संपल्यावरही त्या मुलीनं मला सोडलं नव्हतं. त्यांनी मला तिच्या हातांतून ओढून घेतलं.